राहीबाई बसली की काटा खाली

राहीबाई पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन मुलगे मुंबईला गोदीत कामाला होते, आणि एकुलती एक मुलगी मैना खाली कातळवाडीला दिली होती. राहीबाईचं काम म्हणजे बाळंतिणीला तेल लावणं आणि पोराला न्हाऊ घालणं. महाडातल्या बऱ्या घरांत कोणी बाळंत झालं की तिला निरोप जायचा. तिच्या हाताखालून गेलेली बाई चार दिवसांत हिंडायला लागते, असं लोक म्हणायचे. न गेलेली उगाच कण्हत पडते, असं राहीबाई स्वतः म्हणायची.

अंगानं ती चांगली भरभक्कम होती. दंड पैलवानासारखे, आवाज नदीपलीकडे ऐकू जाईल असा, आणि गालात पान-तंबाखूचा तोबरा कायमचा. चेष्टा केल्याशिवाय तिला अन्न पचायचं नाही. समोरचा माणूस रागावला की तिला त्यात अधिकच गोडी वाटायची.

ही गोष्ट सन चौतीस-पस्तीसच्या सुमाराची. महाडचे कापडाचे व्यापारी श्रीधरपंत यांनी मुंबईहून एक जुनी लॉरी आणली, तिच्यावर लाकडी टप आणि बाकं चढवली आणि महाड ते पोलादपूर सर्व्हिस मोटार सुरू केली. मोटार वापरलेली असली तरी तिच्यात एक नवल होतं. चालवणाऱ्याच्या समोर काचेची एक तबकडी होती, आणि टाकीत पेट्रोल किती उरलंय ते तिच्यातला काटा सांगायचा. बाकीच्या मोटारींचे ड्रायव्हर टाकीत काठी बुडवून बघायचे. पंतांना त्या तबकडीचा फार अभिमान. दुकानात धोतरजोडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते बाहेर नेऊन काटा दाखवायचे.

मोटार चालवायचा दासगावचा महिपती. माणूस गरीब स्वभावाचा, पण भित्रा. दर फेरीला निघताना तो स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करायचा, आणि वाटेत मांजर दिसलं की पुन्हा करायचा.

राहीबाई पहिल्यांदा त्या मोटारीत चढली तो बाजाराचा दिवस होता. आतल्या बाकावर ती बसली तेव्हा शेजारचे दोघे उभे राहिले. त्यांना राहावंच लागलं. महिपती म्हणाला, "मावशे, तू आपली पुढं ये. माज्या बाजूला बस."

राहीबाई पुढं येऊन ऐसपैस बसली. मोटार पोलादपुरातून निघाली, आणि पहिला उतार संपतो न संपतो तोच महिपतीनं करकचून ब्रेक लावला. काटा शून्यावर गेला होता.

"काय झालं रे?"

"पेट्रोल संपलं गो मावशे! सकाळी अर्धी टाकी होती!"

टाकी पुढच्या सीटच्या खालीच होती. राहीबाईला उतरावं लागलं. महिपतीनं गादी उचलली, बूच काढलं आणि रस्त्यावरची एक काटकी टाकीत बुडवली. पेट्रोल होतं, चांगलं अर्धी टाकी. त्यानं हँडल मारून मोटार सुरू केली तर काटाही अर्ध्यावर. राहीबाई चढली. काटा खाली. ती उतरली. काटा वर.

आत बसलेला रावजी मुंबईला राहून आलेला होता. तो मोठ्यानं म्हणाला, "ड्रायवर, आपुन समजलो. ही बाय पेट्रोल पीते. सब खलास!"

सगळी मोटार हसली. सगळ्यांत जास्त राहीबाई हसली, आणि हसता हसता तिनं एक मोठी ढेकर दिली.

महाडात ही गोष्ट तिच्याआधी पोचली. बाजारात बायका तिला विचारू लागल्या, "राहीबाय, आज किती पिलीस?" राहीबाई पोटावरून हात फिरवत म्हणायची, "आज थोडंच. उपास हाय." एका दुकानात तिनं रॉकेलचा डबा हुंगून नाक मुरडलं आणि म्हणाली, "नको रे बाबा. हे हलकं हाय. आपल्याला सोसत नाय."

महिपतीची मात्र झोप उडाली. त्यानं तबकडीची काच पुसली, तिच्यावर टिचक्या मारल्या, मागचे स्क्रू आवळले, तारेची टोकं घासून लखलखीत केली. मग चार दिवस काटा शहाण्यासारखा वागला. महिपतीला वाटलं, जमलं. पुढचा बाजाराचा दिवस आला, राहीबाई बसली, आणि काटा खाली. त्यानं एका जुन्या फिटरला मोटार दाखवली. फिटरनं तासभर बघितलं, दोन विड्या ओढल्या आणि म्हणाला, "काटा ठीक आहे." ठीक होताच. राहीबाई कुठं होती तिथं?

खरं काय ते पहिल्यांदा कळलं राहीबाईलाच, आणि तेही थुंकताना.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला ती महाडाहून परत येत होती. तोबरा भरला होता म्हणून ती डावीकडे बाहेर वाकली आणि पिंक टाकली. वाकल्या वाकल्या तिची नजर तबकडीकडे गेली. काटा वर चढत होता. ती सरळ बसली. काटा खाली आला. ती पुन्हा बाहेर वाकली, या वेळी थुंकायला काहीच नव्हतं. काटा वर. तिनं नुसतंच बूड जरा डावीकडे सरकवलं. काटा वर. उजवीकडे सरकवलं. खाली.

आता हे तिथल्या तिथं सांगून टाकलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. पण तिच्या पोटात हसू असं उकळायला लागलं की तोंड उघडायचीच तिला भीती वाटली. आपल्या बुडाखाली काहीतरी दबतंय एवढं तिला समजलं होतं. ते काय आहे ते नव्हतं समजलं, आणि समजून घ्यायची घाईही नव्हती.

"महिपती," ती गंभीर आवाजात म्हणाली, "काट्याला चढ म्हणून सांगू का?"

"सांग की," महिपती कसनुसा हसत म्हणाला.

"चढ रे बाबा."

काटा चढला.

"आता बस खाली."

काटा बसला. महिपतीनं चालत्या मोटारीत दोन्ही हात जोडले, आणि मोटार गटाराकडे वळली तेव्हा पुन्हा स्टिअरिंग धरलं. त्या दिवसापासून पुढची जागा राहीबाईची झाली. ती नसली तरी महिपती तिथं दुसऱ्या कुणाला बसू देईना.

इथवर सगळी गंमत होती. पण राहीबाईच्या मनात एक काटा वेगळाच सलत होता, आणि तो कातळवाडीचा होता.

कातळवाडी पोलादपूर आणि महाडाच्या मधे, अगदी रस्त्याला लागून. मैना पाचव्या महिन्यात होती. तिची सासू चंद्रभागा कडक बाई. सातवा लागल्याशिवाय सुनेला माहेरी धाडायची नाही, आणि आई उगाच लेकीच्या दारात आलेली तिला खपायची नाही. "मुलीचं बस्तान बसायचं असेल तर आयशीनं लांब राहावं," असं ती चारचौघांत म्हणाली होती. त्यात श्रीधरपंतांचा हुकूम असा, की मोटार मधे कुठंही थांबवायची नाही. दुसऱ्या एकाची मोटार मागोमाग असायची, आणि ती पुढं गेली की पोलादपूरची माणसं तीच उचलायची. त्यामुळे बाजाराच्या दिवशी राहीबाई लेकीच्या दारावरून धुरळा उडवत जायची. मैना कुंपणापाशी उभी असायची आणि हात वर करायची. हात खाली येईपर्यंत मोटार वळणापलीकडे गेलेली असायची.

आता राहीबाईच्या हाती काटा आला होता. हाती म्हणजे, बुडाखाली.

पुढच्या खेपेला कातळवाडीचं कुंपण दिसेपर्यंत ती डावीकडे रेलून बसली, आणि बरोबर दाराशी आल्यावर सरळ झाली. काटा धाडकन शून्यावर.

"मावशे!" महिपती ओरडला.

"मी काय करू? बघ बाबा टाकीत. खरंच संपलं असलं तर?"

मोटार थांबली. महिपती गादी उचलून काटकी शोधायला लागला. राहीबाई उतरली आणि सरळ अंगणात गेली. चंद्रभागा दारात उभी. राहीबाई म्हणाली, "विहीणबाय, काय करणार, मोटार बिघडली! आमी काय मुद्दाम येणार होतो?" मोटार बिघडल्यावर विहिणीला बोलणार काय? तिनं नाइलाजानं पाट दिला. महिपतीचं बघून होईपर्यंत राहीबाईनं लेकीचे पाय बघितले, सुजलेत का ते. पोटावर हात ठेवला, कंबर कुठं दुखते विचारलं, आणि ओच्यातली ओल्या खोबऱ्याची वडी तिच्या तोंडात कोंबली.

मग हे दर बाजाराला होऊ लागलं. महिपतीनं आपल्यापुरता निकाल लावला, की कातळवाडीला काट्याला काहीतरी बाधा होते. हळूहळू त्यानं काटकी बुडवणंही सोडलं. काटा पडला की तो मोटार थांबवायचा, विडी पेटवायचा आणि म्हणायचा, "ये जाऊन, मावशे. तू आलीस की त्याचं चित्त ठिकाणावर येतं."

इथंच घोटाळा झाला.

एका दुपारी श्रीधरपंतांकडची पाहुणेमंडळी पोलादपूरला लग्नाला निघाली होती. पंत स्वतः मोटारीत, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, जरीकाठी उपरणं घेऊन. पुढं राहीबाई. पंतांसमोर खेळ नको म्हणून ती त्या दिवशी कातळवाडीला थांबायचा विचारही न करता मुकाट सरळ बसली होती. सरळ बसली म्हणजे काटा शून्यावर. महिपतीनं तो महाडातच बघितला आणि मनाशी म्हणाला, मावशी बसलीय, दुसरं काय.

कातळवाडी मागं पडली. पुढच्या चढावर मोटारीनं दोन आचके दिले, खोकली आणि उभी राहिली. महिपतीनं काटकी बुडवली. काटकी कोरडी बाहेर आली.

पाहुण्यांनी थोडा वेळ मागच्या मोटारीची वाट बघितली, पण ती त्या दिवशी आलीच नाही. मुहूर्त टळेल म्हणून मग साड्या खोचून, धोतरं सावरून ते चालत निघाले. महिपती त्यांच्याबरोबरच पळाला, पोलादपुराहून पेट्रोलचा डबा आणायला. मागं राहिली दोनच माणसं. पंत, कारण त्यांना चढ चालवत नव्हता. आणि राहीबाई, कारण तिला चालायचं नव्हतं.

पंत मोटारीच्या एका बाजूला सावलीत बसले, राहीबाई दुसऱ्या. मग पंतच म्हणाले, "काटा शून्यावर होता म्हणे. महिपतीनं तो पाहिलाही होता. आणि मला काय सांगतो, की राहीबाई बसली की तसंच होतं! काय प्रकार आहे हा?"

"काटा मला बघून लाजतो," राहीबाई म्हणाली.

"चेष्टा पुरे. आजपासून माझ्या मोटारीत पाऊल ठेवायचं नाही. लग्नघरात माझी काय शोभा झाली असेल!"

राहीबाईनं पान लावायचं थांबवलं. मोटार गेली तर जाऊ दे, ती बैलगाडीनं गेली असती. पण बैलगाडी कधी विहिणीच्या दारात बिघडत नाही. तिनं चुना बोटावर तसाच ठेवला आणि विचार केला.

"पंत," ती म्हणाली, "खोट माज्यात हाय का मोटारीत, ते बघायचं का?"

"कसं बघणार?"

"महिपती येऊ दे. मंग तुमी बसा माज्या जागेवर. माज्याएवढं वजन ह्या रस्त्यावर तुमचंच हाय."

पंत संतापले, पण नाही म्हणाले नाहीत. खरं तर त्यांनाही तो काटा कोड्यात टाकत होता. मुंबईच्या माणसानं आपल्याला खोटा माल दिला की काय, ही धास्ती त्यांना मोटार घेतल्या दिवसापासून होती.

महिपती एका बैलगाडीतून डबा घेऊन आला आणि त्यानं तो टाकीत ओतला. गाडीवान लगेच परत गेला. महिपतीनं मोटार सुरू केली, काटा जरासा वर आला आणि तिथं थांबला. पंत उपरणं सावरत पुढं चढले आणि राहीबाईच्या जागेवर बसले.

काटा शून्यावर.

"अरे!" पंत म्हणाले.

"अरे देवा," महिपती म्हणाला, "पंतपन!"

"आता असं करा," राहीबाई खालून म्हणाली, "बाहेर वाका आणि थुंका."

"काय?"

"थुंका, पंत. माज्याकडं नको. तिकडं, झाडाकडं."

पंतांनी जन्मात सुपारीचं खांडही खाल्लं नव्हतं. पण काटा खाली बघत होता आणि महिपती हात जोडून उभा होता. ते बाहेर वाकले आणि तोंडानं नुसताच आवाज केला. काटा वर चढला. ते सरळ झाले. खाली आला. पुन्हा वाकले, पुन्हा थुंकल्यासारखं केलं. वर. मग राहीबाईनं न सांगताच त्यांनी तिसऱ्यांदा केलं, आणि त्यांच्या तोंडावर लहान पोरासारखा आनंद पसरला.

"म्हणजे थुंकण्याचा संबंध नाही," ते एकदम म्हणाले. "उजवीकडे भार पडला की बिघडतं! महिपती, गादी काढ. टाकीत बघू नकोस. गादीखाली बघ."

आजवर जो तो गादी काढून टाकीतच डोकावत होता. महिपतीनं या वेळी गादी उलटी करून बघितली. उजव्या अंगाची एक स्प्रिंग वाकून खाली आली होती आणि घासून चकचकीत झाली होती. बरोबर तिच्याखालून, टाकीच्या कडेनं, तबकडीकडे जाणारी तार गेली होती. तारेवरचं सुती वेष्टण तेवढ्या जागी झिजलं होतं आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं. महिपतीनं बोटानं स्प्रिंग तारेवर दाबली. काटा पडला. सोडली. चढला.

"एवढंच?" महिपती म्हणाला. त्याला जरा वाईटच वाटलं. इतके दिवस तो हात जोडत होता.

हलक्या माणसानं ती स्प्रिंग तारेपर्यंत पोचत नव्हती, आणि जड माणूस त्या जागेवर राहीबाईशिवाय कोणी बसलाच नव्हता. महिपतीनं पाना घेऊन स्प्रिंग वाकवून वर केली, पेटीतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढून तारेभोवती गुंडाळला आणि सुतळीनं आवळला. राहीबाई बसली. उजवीकडे टेकली, डावीकडे टेकली, एकदा तर उडी मारूनही बसली. काटा हलला नाही.

पंत खूश झाले. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"थुंकल्यावर काटा चढतो हे तुला ठाऊक होतं. कधीपासून?"

"झाले की थोडे दिवस."

"आणि महिपती म्हणतो, काटा नेमका कातळवाडीलाच पडायचा."

राहीबाईनं पान तोंडात घातलं. "माजी लेक हाय तिथं. पाचवा सरला तिला. तिच्या सासूला बिघडलेली मोटार चालते, आलेली आई चालत नाय."

रागवावं की नाही हे पंतांचं ठरत नव्हतं. तेवढ्यात राहीबाईच म्हणाली, "पंत, आपण करार करू. मोटार कातळवाडीला पान खाण्यापुरती थांबायची. आणि तुमी झाडाकडं बघून तीनदा थुंकलात, ते मी महाडच्या बाजारात कुणाला सांगनार नाय."

पंतांनी महिपतीकडे बघितलं. महिपती आकाशाकडे बघत होता.

"चढावर इंजिन तापतं," पंत म्हणाले. "चढाच्या आधी पाणी घालायला हवंच. कातळवाडीला विहीर आहे का?"

"रस्त्यालाच हाय. लेकीच्या दारात."

मग त्या मोटारीला दर बाजाराला, जाताना आणि येताना, कातळवाडीचं पाणी लागू लागलं. चंद्रभागेनं पहिल्यांदा नाक मुरडलं. पण महाडचे पंत एकदा खुद्द आपल्या अंगणात उतरून पाणी प्यायले आणि घर कसं लख्ख ठेवलंय म्हणाले, तेव्हापासून तीच मोटारीची वाट बघायला लागली. पाण्याची कळशी ती आधीच भरून ठेवायची.

मैनेला सातव्यात माहेरी आणलं तेही त्याच मोटारीतून, पुढच्या सीटवर, राहीबाईच्या मांडीला खेटून. मुलगी झाली. राहीबाईनं दोघींना असं काही रगडलं, की पोरीच्या रडण्यानं सगळी वाडी जागी व्हायची.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, करार झाल्यावर दुसऱ्याच आठवड्याची ही गोष्ट. पंत दुकानात बसले होते. समोरून दोन पोरं गेली, दुकानापुढं थांबली, बाजूला वाकली आणि तोंडानं आवाज केला. मग एक गिऱ्हाईक आलं आणि लुगड्याचा भाव विचारता विचारता मधेच म्हणालं, "पंत, काटा कसा आहे?" पंतांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. संध्याकाळी मोटार सुटायच्या वेळी ते तडक अड्ड्यावर गेले. राहीबाई पुढच्या सीटवर बसली होती.

"राहीबाई, आपला शब्द काय ठरला होता?"

"बाजारात कुणाला सांगायचं नाय."

"मग साऱ्या गावाला कसं कळलं?"

"बाजारात नाय सांगितलं, पंत," राहीबाई म्हणाली. "माजघरात सांगितलं. बाळंतिणीला तेल लावताना काहीतरी बोलावं लागतं की नाय? मुकाट रगडून घेतं का कोणी? आणि सांगितलंपन फक्त दोघींना. तुमच्या शेजारच्या बाळंतिणीला आणि तिला बघायला आलेल्या तुमच्या थोरल्या सुनेला."

थोरली सून दोन दिवस आपल्याला जेवण वाढताना पदर तोंडाशी का धरत होती, ते पंतांना आता कळलं.

महिपतीनं स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. पंत मागं सरले. मोटार हलली, आणि थोडी पुढं गेल्यावर राहीबाई बाहेर वाकली. पंतांनी डोळे गच्च मिटून घेतले. पण तिनं खरोखरीच पिंक टाकली होती.